गिनी पिगची खरूज आणि गोठ्यातले औषध

गेल्या पावसाळ्यात मुरबाडहून एक गृहस्थ मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. मुलाच्या हातात पुठ्ठ्याचे खोके, त्यात गिनी पिग. पाठीवरचे केस गेलेले, कातडी जाड, खपल्या धरलेली. हात लावताच त्याला झटके येऊ लागले. "डॉक्टर, म्हशीच्या गोचिडांचे औषध घरात आहे, तेच फासू का?" वडिलांनी विचारले. फासण्याआधी विचारले, हे त्या मुक्या जिवाचे नशीब!

शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्यांना शेळ्यांची खरूज परिचित आहे. गिनी पिगची खरूज त्याच जातकुळीतली. साध्या डोळ्यांना न दिसणारे किडे कातडीत बोगदे करून अंडी घालतात. खाज इतकी असह्य होते की प्राणी खाणे सोडतो, प्रसंगी दगावतो. केसांत हलणारे बारीक किडे दिसले, तर त्या बहुधा उवा असतात.

यावर आयव्हरमेक्टिन हे औषध गुणकारी आहे. पण सारे मर्म मात्रेत आहे. १ टक्क्याचे इंजेक्शन ५० किलोच्या जनावराला १ मिलिलिटर लागते. या हिशेबाने ८०० ग्रॅमच्या गिनी पिगला एका थेंबाहूनही कमी! म्हणून घरी प्रयोग करू नयेत. औषधाने अंडी मरत नाहीत, त्यामुळे डॉक्टर सांगतील त्या अंतराने ते पुन्हा द्यावेच लागते. सोबतच्या सर्व गिनी पिगना एकाच वेळी उपचार करावेत. पिंजऱ्यातले गवत जाळावे, पिंजरा उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवावा.

माणसाप्रमाणेच या प्राण्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते कमी पडले की तो अशक्त होतो व रोग बळावतो. रोज ताजा हिरवा पाला आणि पेरूची एखादी फोड द्यावी.

त्या मुलाच्या हातांवरही लाल पुरळ होते. हे किडे माणसाच्या अंगावर फार काळ टिकत नाहीत. प्राणी बरा झाला की पुरळही जाते. मात्र रात्री खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल आणि घरातले इतरही खाजवत असतील, तर ती माणसाची खरूज समजावी. अशा वेळी सरकारी दवाखाना गाठावा व सर्व कुटुंबाने एकाच दिवशी औषध लावावे.

दीड महिन्याने बापलेक पुन्हा आले. गिनी पिगच्या पाठीवर नवी लव आली होती, मुलाचे हातही स्वच्छ होते. गोठ्यातली बाटली गोठ्यातच राहिली, हे बरे झाले.