आमचा बंडू आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा

“काय गुटगुटीत आहे हो तुमचा पोपट!” आमच्या घरी येणारी प्रत्येक बाई असं म्हणायची आणि मला उगाचच अभिमान वाटायचा. बाळसेदार मूल कडेवर घेऊन मिरवावं ना, तसा. मैत्रिणींनो, त्या कौतुकाची मला आता लाज वाटते. तेच सांगायला आज ही लेखणी हातात घेतली आहे.

आमचा बंडू म्हणजे आपल्याकडचा साधा राघू नव्हे. तो अॅमेझॉन जातीचा. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अंगाने हिरवा, चोचीच्या वर कपाळावर निळा पट्टा आणि डोळ्यांभोवती पिवळा रंग. माझ्या धाकट्या दिरांनी तो २०१३ मध्ये ठाण्याला असताना घेतला. २०१८ मध्ये नोकरीमुळे ते बंगलोरला गेले आणि बंडू डोंबिवलीला आमच्याकडे आला. (बंडू म्हणतो खरं, पण ह्या जातीत नर-मादी दिसायला सारखेच असतात. रक्ताची किंवा पिसाची तपासणी केल्याशिवाय कळत नाही. ती आम्ही केलेली नाही. तेव्हा ती बंडी असली तर तिने मला क्षमा करावी!)

आमचे मामंजी तेव्हा निवृत्त झालेले. दिवसभर तो आणि ते. पेपरवाचन दोघांचं एकत्र. दुपारी साडेचारला मामंजी आतल्या खोलीतून हाक मारायचे, “अगं, चहा झाला का?” बंडूने ती हाक उचलली. नुसते शब्द नव्हेत, तोच खर्जातला आवाज, शेवटी तेच जरासं खोकणं. मामंजी २०२२ मध्ये गेले. पण रोज साडेचारला आमच्या घरात त्यांची हाक येतेच. सासूबाई उठतात, चहा टाकतात आणि पहिलं बिस्कीट चहात बुडवून बंडूला देतात. म्हणजे द्यायच्या. आता तुम्हीच सांगा, कोणत्या सुनेच्या तोंडून निघेल की आई, हे बिस्कीट बंद करा?

शिवाय देणारे हात काय एकच होते? सकाळी दूध आणणारा भय्या चार शेंगदाणे द्यायचा. समोरच्या काकूंकडे शिरा झाला की बंडूची वाटी वेगळी. माझी दोन्ही मुलं फरसाणातली शेव त्याला चोरून द्यायची. आणि त्याचं मुख्य जेवण म्हणजे पितळीभर सूर्यफुलाच्या बिया. पोपट म्हटलं की मिरची, पेरू आणि बिया, एवढंच आपलं ज्ञान. मी बी.ए. झाले ती मराठी घेऊन, जीवशास्त्राशी संबंध दहावीनंतर सुटलाच.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात लक्षात आलं की बंडू पिंजऱ्याच्या वरच्या दांडीवर जायचाच बंद झाला आहे. खालच्या दांडीवर बसून राही. हातावर घेऊन पंख फडफडवायला लावले की मिनिटभरात चोच उघडून धापा टाकी. चोच वाढून पुढे वाकलेली दिसायला लागली. आम्हाला वाटलं, उन्हामुळे होत असेल. मग एक दिवस खालच्या दांडीवरूनही तो धपकन पडला, तेव्हा शेजाऱ्यांची गाडी मागून, शीळफाटा आणि मुंब्र्याचा बायपास असं करत ठाण्याला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. आपल्याकडे गुरांचे आणि कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर मिळतात, पण पक्ष्यांची खास माहिती असलेले शोधावेच लागतात. पक्षी आजारी पडायच्या आधीच ते शोधून ठेवा, हे माझं अनुभवाचं सांगणं.

डॉक्टरांनी बंडूला आधी काट्यावर ठेवलं. पाचशे बासष्ट ग्रॅम! ह्या निळ्या कपाळाच्या जातीचं वजन साधारण साडेतीनशे ते साडेचारशे ग्रॅमच्या घरात असतं. मग क्ष-किरण चित्र आणि रक्ताची तपासणी झाली. यकृत वाढलेलं, चरबी साठलेली. डॉक्टर म्हणाले, “अॅमेझॉन पोपटांना हा शापच आहे. रानात मैलोगणिक उडायचं म्हणून देवाने भूक दिली, आणि आपण पिंजऱ्यात बसवून ती भूक भागवतो.” यकृत असंच चालू राहिलं तर एक दिवस काही कळायच्या आत जाईल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. वास्तविक नीट सांभाळलं तर हे पोपट चाळीस-पन्नास वर्षं जगतात.

परतताना गाडीत कोणी बोललं नाही. सासूबाई मागे बसल्या होत्या, पेटारा मांडीवर. घर आल्यावर एवढंच म्हणाल्या, “मीच मारत होते की काय त्याला?”

मला त्या रात्री झोप नाही आली. सकाळी मी त्यांच्यापुढे एक हिशेब मांडला. माझं वजन साठ किलो, चांगल्या बंडूचं चारशे ग्रॅम. म्हणजे मी त्याच्या दीडशे पट. त्याने पाच ग्रॅमचं एक बिस्कीट खाल्लं तर मी पाऊण किलो बिस्किटं एका बैठकीत खाल्ल्यासारखं. आता पाखराचा जठराग्नी आपल्यापेक्षा जोरात असतो, तेव्हा हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही. पण डोळे उघडायला पुरेसा आहे. आणि सूर्यफुलाचं बी म्हणा, शेंगदाणा म्हणा, जवळजवळ निम्मं तेल! आपण त्यांचंच तेल काढून तळण करतो, हे कसं सुचलं नाही मला?

आता वजन कसं बघायचं ते सांगते, कारण नुसत्या डोळ्यांनी ते कळत नाही. पिसांच्या आत काय आहे, कोण सांगणार? आकड्यांवरही सर्वस्वी विसंबू नका. अॅमेझॉनच्या तीसाच्या आसपास जाती आहेत. नारिंगी पंखांचा अंगाने लहान असतो, पिवळ्या मानेचा पाचशे ग्रॅमच्या पुढे असूनही अगदी धडधाकट असतो. म्हणून आकड्याबरोबर छाती चाचपावी लागते. पक्ष्याच्या छातीच्या मधोमध नावेच्या तळासारखं उभं हाड असतं. त्यावरून बोट हळूच फिरवायचं. हाड विळीच्या पात्यासारखं टोचलं आणि दोन्ही बाजू खोलगट लागल्या तर पक्षी खंगला आहे. हाडाची कड हाताला लागते, पण दोन्ही बाजूंना मांस भरीव आणि गोलसर आहे, म्हणजे उत्तम. आणि हाड शोधावं लागलं, दोन्ही बाजू फुगून मधे घळ पडली, तर समजा की आमचा बंडू झाला. पोटाकडची पिसं जरा बाजूला करून पाहिली तर कातडीखाली पिवळी चरबी दिसते. मी ती पाहिली, आणि पुन्हा पाहवेना. पहिल्यांदा हे चाचपणं डॉक्टरांकडून शिकून घ्या. छाती दाबली गेली तर पक्ष्याचा श्वास कोंडतो.

काटा कोणता? तुम्ही केकचा मैदा मोजता तोच, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. घड्याळासारखा काटा असलेला जुना नको, त्यावर दहा-वीस ग्रॅम इकडचे तिकडे कळतच नाहीत. आम्ही मानपाडा रोडवरच्या सुताराकडून लाकडी पाटावर एक आडवी दांडी ठोकून घेतली. ती काट्यावर ठेवायची, आकडा शून्यावर आणायचा, मग पोपट बसवायचा. पहिले तीन-चार दिवस काटा नुसता त्याच्या नजरेसमोर ठेवा, तो त्याला राक्षस वाटता कामा नये. वेळ मात्र रोजची एकच हवी. सकाळी उठून त्याने पहिली विष्ठा टाकली की, आणि खाण्याआधी. संध्याकाळी वजन करून “आज वाढलं” म्हणून रडण्यात अर्थ नाही, पोटातलं अन्नच मोजलं जातं.

हे काम सासूबाईंनी आपणहून मागून घेतलं. कालनिर्णयावर दुधाचा हिशेब त्याच लिहितात, त्याच चौकटीत आता कोपऱ्यात बंडूचं वजन.

आहार बदलणं म्हणजे उपाशी ठेवणं नव्हे, हे मोठ्या अक्षरात लिहून घ्या. यकृतात चरबी असलेल्या पक्ष्याला एकदम उपाशी ठेवलं तर तो दगावू शकतो. आम्हाला डॉक्टरांनी आठवड्याला चार-पाच ग्रॅमपेक्षा जास्त उतरवायचं नाही असं बजावलं होतं. सकाळी भूक असते तेव्हा भाजी पुढे ठेवायची: लाल भोपळा, गाजर, ढोबळी मिरची, शेवग्याचा पाला, मेथी, मोड आलेले मूग किंवा मटकी. पिवळ्या-तांबड्या भाज्यांतून आणि पाल्यातून अ जीवनसत्त्व मिळतं, जे नुसत्या बियांवर जगणाऱ्या पोपटांना हमखास कमी पडतं. हिरवी मिरची आवडत असेल तर द्या, पाखरांना तिचा तिखटपणा जाणवतच नाही. फळ थोडंच, साखर तीही साखरच. जोडीला डॉक्टरांनी सांगितलेलं गोळ्यांचं तयार खाद्य. बिया दिवसातून मोजून, त्याही हातानं, बक्षीस म्हणून.

बंडूने काय केलं असेल? वाटी उलटी केली. लाल भोपळा भिंतीवर. मूग पंख्याच्या पात्यावर कसे गेले ते अजून कळलेलं नाही. चौथ्या दिवशी मात्र नवं खाद्य मटामटा खाऊ लागला. आम्ही खूश. सासूबाई सकाळी कॅलेंडरपाशी उभ्या राहून म्हणाल्या, “अगं, हे बघ. तीन दिवसांत बावीस ग्रॅम गेले!” पिंजऱ्याचा तळ पाहिला तर खाद्याचा नुसता भुगा. महाराज चोचीने चुरडून टाकत होते, गिळत काहीच नव्हते. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, ताबडतोब बिया परत सुरू करा, आणि नवं खाद्य त्यात चिमूट-चिमूट मिसळत जा. त्या दिवशी काटा नसता तर? पक्षी आपला अशक्तपणा शेवटपर्यंत लपवतो, रानात दुबळा दिसला की शिकाऱ्याचं लक्ष जातं म्हणून. थोड्या दिवसांत दहावा हिस्सा वजन कमी झालं तर ती धोक्याची घंटा, मग पक्षी मुळात लठ्ठ का असेना. तेव्हा बारीक होताना पाहून टाळ्या पिटू नका, किती दिवसांत झाला ते पाहा.

व्यायामाला वाट्या लांब-लांब टांगल्या, म्हणजे चढउतार होते. सकाळ-संध्याकाळ हातावर घेऊन फडफड. पिंजऱ्याबाहेर सोडताना खिडक्या बंद, आणि छताचा पंखा बंद आहे ना हे दोनदा पाहायचं. न चिकटणारा तवा फार तापला तर त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरतो, म्हणून तो तवा मी घरातून काढूनच टाकला. चहा, चॉकलेट, खारं, आणि हल्ली मुलं आणतात तो अॅव्होकाडो, ह्यांतलं काही नाही.

आणि साडेचारची हाक? ती येतेच. पहिले काही दिवस सासूबाई उठून मोरीत जाऊन उभ्या राहायच्या. मग एकदा मी शाळेतून लवकर आले (मी दुपारच्या शाळेत अर्धवेळ शिकवते) आणि दारातून ऐकलं. बंडू म्हणाला, “अगं, चहा झाला का?” आणि सासूबाई आतून म्हणाल्या, “होतोय, जरा दम धरा!” त्यांनी त्याला डाळिंबाचे दोन दाणे दिले. तो ते खाऊन शांत बसला. मी चपला हळूच काढल्या.

आठ महिने झाले. आज सकाळी चारशे एक्केचाळीस भरला. वरच्या दांडीवर बसून शिट्ट्या मारतो.

एक खुलासा करायलाच हवा, नाहीतर हे वाचून कुणी बाजारात धावेल. पिंपळावर संध्याकाळी कलकलाट करणारे आपले हिरवे राघू पाळणं हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, तरी पिंजऱ्यातले राघू गल्लोगल्ली दिसतात. तो राघू शंभर ते दीडशे ग्रॅमचा असतो आणि दिवसभर उडतो, त्याला कशाला हवा आपला काटा! परदेशी पोपटांचीही नोंद सरकारकडे करावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे नियम निघाले आणि ‘परिवेश’ ह्या सरकारी संकेतस्थळावर ती करायची असते. दिरांनी २०२० मध्येच स्वेच्छेने माहिती दिली होती, तरी नंतर आमच्या पत्त्यावर रीतसर नोंद केली. ते कागद आणि पावती जपून ठेवा.

जाता जाता शेंगदाण्याचं. आपल्या पावसाळी हवेत दाण्यांना बुरशी फार लवकर धरते, आणि त्या बुरशीचं विष नेमकं यकृतावर जातं. म्हणून जून ते सप्टेंबर आमच्याकडे पोपटाला दाणा अजिबात नाही. हे कळल्यावर सासूबाईंनी चटणीसाठी भरून ठेवलेला डबाही उन्हात ओतून एकेक दाणा निवडला. निम्मे फेकले. ह्यांना दोन महिने चटणी खोबऱ्याची मिळाली.