रक्त दिलं मधुमेहासाठी, वापरलं भलत्याच कामाला

मंडळी, आज ग्रँड कॅन्यनच्या तळाशी जाऊ. तिथलं सुपाई हे हवासुपाई लोकांचं गाव. मोटारीचा रस्ता नाही, टपालसुद्धा खेचरावरून येतं.

या लोकांत मधुमेह फार. म्हणून 1990 पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना सुमारे 200 जणांनी रक्त दिलं. आजाराचं कारण कळेल, एवढीच अपेक्षा. पण संमतीपत्रातले शब्द होते ऐसपैस. त्याच रक्तावर पुढे स्किझोफ्रेनिया, आप्तांतली लग्नं, पूर्वजांचं स्थलांतर यांवरही काम झालं. आता बघा, आपण याच दरीत जन्मलो ही ज्यांची श्रद्धा, त्यांच्याच रक्तावरून ‘तुमचे पूर्वज आशियातून आले’ असं मांडायचं, आणि त्यांना विचारायचंही नाही! निष्कर्ष बरोबर असेलही, पण प्रश्न तो नाहीच.

2003 मध्ये कार्लेटा टिलूसी या हवासुपाई बाई विद्यापीठातल्या एका सादरीकरणाला बसल्या होत्या. त्यांनी सरळ विचारलं, याची परवानगी घेतली होती का? तिथून सगळं बाहेर आलं.

मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. जमातीने विद्यापीठाच्या लोकांना आपल्या हद्दीत यायला बंदी घातली. विनंती-अर्ज नव्हे, बंदी! अमेरिकेच्या कायद्यात जमातीचं स्वतःचं शासन मानलेलं आहे, म्हणून हे जमलं.

कोर्टकचेरीनंतर 2010 मध्ये तडजोड झाली. 41 जणांना मिळून 7 लाख डॉलर, आणि उरलेले नमुने परत. फ्रीजरमधलं ते रक्त न्यायला सुपाईहून माणसं आली. रक्त देणारे काहीजण तोवर वारले होते.