‘भूल देणारी नर्स’ व्हायचंय : प्रवेश परीक्षेचे गुण किती मोलाचे?



आंबेगाव तालुक्यातल्या डोंगरकपारीच्या एका वाडीतून बारावीसाठी पुण्यात आलेल्या एका मुलीने मला विचारले, “ताई, मला भूल देणारी नर्स व्हायचंय. सीईटीला किती मार्क लागतात?” तिच्या आईचे ऑपरेशन झाले होते. आत नेण्याआधी कोणीतरी आईचा हात धरून धीर दिला होता आणि शुद्धीवर येईपर्यंत तीच व्यक्ती उशाशी उभी होती. मुलीच्या मनात तेवढेच चित्र घट्ट बसले होते.

तिच्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येईना. आपल्यापैकी अनेक जण आदिवासी मुलींच्या शिक्षणाला हातभार लावतात, म्हणून हा विषय सर्वांसमोर नीट मांडावा असे वाटले.

आधी एक गैरसमज

अमेरिकेत नर्सला भूल देण्याचे स्वतंत्र शिक्षण मिळते आणि तो तिथे मोठ्या मानाचा पेशा आहे. तिथल्या भूल देणाऱ्या नर्सेसची राष्ट्रीय संघटना अ‍ॅगाथा हॉजिन्स यांच्या पुढाकाराने 1931 मध्ये उभी राहिली. आपल्या देशात मात्र भूल देण्याची जबाबदारी भूलतज्ज्ञ डॉक्टरची असते. नर्स आणि तंत्रज्ञ त्यांना साथ देतात. म्हणजे बारावीनंतर थेट ‘भूल देणारी नर्स’ करणारे कॉलेज आपल्याकडे नाही. हे मुलीला सुरुवातीलाच सांगायला हवे, नाहीतर जाहिरातीला भुलून घरचे पैसे वाया जातात.

मग त्या कामाच्या जवळ जाणारे रस्ते कोणते? पहिला रस्ता बी.एस्सी. नर्सिंगचा. चार वर्षे शिकून, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करून ऑपरेशन थिएटर किंवा अतिदक्षता विभागात काम करायचे. दुसरा रस्ता भूलशास्त्र तंत्रज्ञाचा. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पॅरामेडिकल पदवीत ही शाखा आहे. तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष प्रत्यक्ष काम. भूल देण्याच्या यंत्राशी रोजचा संबंध हवा असेल तर हा रस्ता अधिक सरळ आहे.

गुण नेमके कुठे लागतात?

बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याचा सीईटी कक्ष संगणकावर परीक्षा घेतो. शंभर प्रश्न, शंभर गुण. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल, या प्रत्येकाचे वीस प्रश्न. चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, ही पहिली शिकवण.

इथे तीन गोष्टींची गल्लत होते.

पहिली, बारावीचे गुण. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून 45 टक्के लागतात आणि इंग्रजीत वेगळे उत्तीर्ण व्हावे लागते. अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्क्यांची सूट आहे. हा उंबरठा आहे. तो ओलांडला नाही तर सीईटीत कितीही गुण मिळाले तरी उपयोग नाही.

दुसरी, पर्सेंटाईल. परिषदेने प्रवेश परीक्षेसाठी खुल्या गटाला 50 आणि अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गीयांना 40 पर्सेंटाईल अशी रेषा आखली आहे. चाळीस पर्सेंटाईल म्हणजे शंभरपैकी चाळीस गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या दर शंभरांतील चाळीस जण तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पेपर अवघड निघाला तर कमी गुणांनाही ही रेषा ओलांडता येते. पस्तीस गुण पाहून रडत घरी परतणाऱ्या मुलीला हे समजावून सांगणारे कोणी जवळ नसते, आणि ती पुढचा अर्जच भरत नाही.

तिसरी, गुणवत्ता यादी. कोणते कॉलेज मिळणार हे इथे ठरते, आणि सीईटीच्या गुणांचे खरे मोल इथेच आहे. सरकारी कॉलेजात शुल्क कमी, जागाही कमी. पाच-सात गुणांच्या फरकाने मुलगी सरकारी कॉलेजऐवजी खासगी कॉलेजात जाते आणि घराचे सगळे गणित बदलते.

पुण्यातच आणखी एक दार आहे. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे एएफएमसीच्या, नर्सिंग कॉलेजात मुलींना बी.एस्सी. करता येते. तिथली निवड राज्याच्या सीईटीवर होत नाही. नीटच्या गुणांवरून आधी यादी लागते. मग सामान्य बुद्धिमत्ता व इंग्रजीची चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. बारावी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालेली असावी लागते. त्यामुळे अकरावीतच ठरवावे लागते की नीटही द्यायची का.

गुण असूनही दार बंद

आता मनाला लागणारी गोष्ट. आदिवासी मुलीची जागा गुणांपेक्षा कागदामुळे अधिक सहज जाते. राखीव जागेवरच्या प्रवेशासाठी जमातीचा दाखला पुरत नाही, तपासणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही लागते. त्यासाठी 1950 च्या आधीचे पुरावे मागतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेची नोंद, जन्म-मृत्यूच्या नोंदी, जमिनीचे कागद. ज्यांचे आजोबा शाळेतच गेले नाहीत आणि ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, अशा कातकरी कुटुंबाने हे कागद कुठून आणायचे? ज्यांच्या घरात आधीच कोणाकडे वैधता प्रमाणपत्र आहे त्यांचे काम सोपे होते. घरातील पहिल्याच मुलीला मात्र सगळी वाट स्वतः तुडवावी लागते.

म्हणून बारावीचा निकाल लागेपर्यंत थांबू नये. अकरावीत प्रवेश घेतानाच कागद गोळा करायला लागावे. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. तिथल्या खेपा मुलीने एकटीने घालायच्या, की सोबत एखादी जाणती व्यक्ती असावी? आपल्यासारख्यांची गरज नेमकी इथे लागते.

दाराच्या आत गेल्यावर

एकदा प्रवेश मिळाला की सीईटीचे गुण पुन्हा कोणी विचारत नाही. त्यानंतर मोल असते ते वॉर्डातल्या कामाला. आपल्या देशात बी.एस्सी. नंतर अतिदक्षता विभागासाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर’चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याला पुन्हा प्रवेश परीक्षा आहे, पण त्याआधी पदवीचे चांगले गुण आणि किमान वर्षभराचा रुग्णसेवेचा अनुभव लागतो. अमेरिकेतही तसेच. तिथल्या भूल-नर्सिंगच्या काही संस्था जीआरई ही प्रवेश परीक्षा मागतात, अनेक मागत नाहीत. अतिदक्षता विभागातला किमान एक वर्षाचा अनुभव मात्र सगळ्यांनाच हवा असतो. जो रुग्ण बोलू शकत नाही त्याचा श्वास, नाडी आणि चेहऱ्याचा रंग वाचता येणे ही विद्या शंभर प्रश्नांच्या पेपरात मोजता येत नाही.

आपल्या मिशन रुग्णालयांचा इतिहास पाहा. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभे केले, तेव्हा कुठली सीईटी होती? तिथे परिचारिका घडल्या त्या रुग्णाच्या उशाशी. पण म्हणून आजची परीक्षा बिनकामाची ठरत नाही. पूर्वी कोणाला शिकायला घ्यायचे हे वरिष्ठांच्या मर्जीवर असे. आज वाडीतली मुलगी आणि शहरातली मुलगी एकाच यादीत लागतात. अन्याय तयारीच्या वेळी होतो. एकीकडे क्लास, सराव परीक्षा आणि घरचा संगणक असतो. दुसरीकडे अनेकदा संगणकाचा माऊस पहिल्यांदा हातात येतो तो परीक्षेच्याच दिवशी.

आपण काय करू शकतो?

फार मोठी गोष्ट नको. रविवारी दुपारी दोन तास एखाद्या मुलीला इंग्रजी शिकवा. त्या एका विषयाचे वीस गुण आहेत. घरच्या संगणकावर तिला दोन-तीन सराव परीक्षा देऊ द्या. अर्ज भरताना शेजारी बसा आणि शेवटची तारीख वहीत लिहून घ्या. सरकारी कार्यालयात जाण्याचा अनुभव असेल तर एका खेपेला तिच्यासोबत जा.

त्या मुलीला मी शेवटी एवढेच सांगितले, “मार्क लागतात बाळा, पण तेवढ्यावर काही अडत नाही. आधी आजोबांच्या शाळेचा दाखला शोधू.” ती हसली आणि म्हणाली, “आजोबा नाही शिकले, ताई. पण त्यांचे धाकटे भाऊ दोन वर्षं शाळेत होते म्हणतात.”

त्या शाळेचे जुने रजिस्टर पाहायला आम्ही दोघी पुढच्या आठवड्यात जाणार आहोत.