मोळ कुणाच्या हाताचा?

जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेले इथल्या कारखान्यांच्या पसाऱ्यातून बेंगळुरूजवळच्या आनेकल तालुक्यात आत शिरलं, की अजूनही नाचणीची शेतं लागतात आणि त्यात ओळी-ओळीनं पेरलेलं अवरे दिसतं. आमच्या भागातल्या सरकारी शाळेत ‘मक्कळ संते’ भरते ती याच अवरेच्या दिवसांत, ऐन थंडीत. मक्कळ संते म्हणजे मुलांचा बाजार. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतही बाल आनंद मेळाव्यात मुलं भाजीपाला घेऊन बसतात, तसाच हा. काही शाळा याला मेट्रिक मेळा म्हणतात, कारण मुलांनी वजनंमापं प्रत्यक्ष हाताळावीत हा त्यामागचा हेतू.

माल मुलांनी आणायचा, भाव त्यांनीच ठरवायचा आणि व्यवहार रोख. क्यूआर कोड चालत नाही. हा शेवटचा नियम मला फार मोलाचा वाटतो. एरवी माझी मुलगी दुकानात बघते ते एवढंच, की फोन पुढे धरला की सामान पिशवीत पडतं. पैसे संपताना तिला दिसतच नाहीत. म्हणून इथे मी तिच्या हातावर शंभराची नोट ठेवली आणि मध्ये बोलायचं नाही असं ठरवलं.

एक लहानखुरी मुलगी अबोलीच्या माळा घेऊन बसली होती. इकडे फुलं मोळावर विकतात: कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ. मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला, तरी फुलं अजून हातानंच मोजली जातात. तिचा मोळ अर्थातच आखूड. दोन बायकांनी कुरकुर केली. मग एका उंच गृहस्थांनी ‘मी मोजतो’ म्हणून स्वतःच्या हातानं माळ ओढली आणि बघता बघता तिचं बरंच नुकसान झालं. ती रडली नाही. वर्गातून लाकडी पट्टी आणली, गोणपाटावर खडूनं 45 सेंटिमीटरवर रेघ मारली आणि पुढच्या प्रत्येकाला ती रेघ दाखवली. माप कुणाचं, हे आधी विचारावं, ही गोष्ट माझ्या मुलीनं तिथे उभ्या उभ्या पाहिली.

पलीकडे एक मुलगा अवरे विकत होता. आपल्या पावट्याच्याच कुळातली ही शेंग. चांगली असेल तर हाताला चिकटते आणि बोटांना तिचा उग्र वास राहतो. इथल्या बायका तो वास घेऊनच निवडतात. त्याच्याकडे तीन ढीग होते. शेंगा 60 रुपये किलो. सोललेले दाणे पाव किलोला 50. आणि भिजवून साल काढलेली ‘हितकिद बेळे’, म्हणजे आपल्या डाळिंब्यांसारखी, ती त्याहून महाग.

मुलीनं विचारलं, “अण्णा, एक किलो शेंगांतून दाणे किती निघतात?” तो म्हणाला, “चारशे ग्रॅमच्या आसपास.” तिनं तळहातावर पेननं गणित मांडलं. शेंगा घेतल्या तर दाणे 150 रुपये किलो पडतात, सोललेले घेतले तर 200. मग फरक कशाचा? मुलगा म्हणाला, “अज्जी काल रात्रभर सोलत होती.” मुलगी जरा थांबली आणि तिनं शेंगा घेतल्या. सोलायला आपण बसू, असं तिनं मला बजावलं.

हेच गणित दुकानातल्या पाकिटालाही लावता येतं. दहा रुपयांच्या बिस्किटपुड्याची किंमत वर्षानुवर्षं तीच राहते आणि आतलं वजन घटत जातं. निव्वळ वजन पाकिटावर छापलेलंच असतं, पण तिथवर मुलांची नजर आपण नेत नाही. छापलेली किंमत ही कमाल किंमत असते, त्याहून कमी भाव मागायला हरकत नाही, हेही त्यांना माहीत नसतं. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतः बचत खातं चालवायची मुभा रिझर्व्ह बँकेनं दिली आहे. खातं जरूर काढावं, पण त्याआधी अशा बाजारात दोन-चारदा तरी बसवावं. विकायला बसलेलं मूल घेताना जास्त नीट बघतं, असं माझं मत झालं आहे.

दुपारी ऊन चढलं तशी पालेभाजी माना टाकू लागली. काहींनी भाव वेळेवर उतरवले, काही अडून बसले आणि जुड्या घरी घेऊन गेले. मग वर्गात हिशेब सुरू झाला. अवरेवाल्या मुलानं वहीत सगळीच्या सगळी विक्री नफा म्हणून लिहिली होती. बाईंनी विचारलं, “खर्च?” तो म्हणाला, “शेत आमचंच आहे, मिस. फुकट.”

“आणि अज्जीची रात्र?”

त्यानं नफ्याचा आकडा खोडला, वर अज्जीच्या नावाची ओळ घातली. तिच्यापुढे किती रुपये लिहायचे यावर वर्गात एकमत होईना. कुणी तीस म्हणालं, कुणी शंभर. अबोलीवाली म्हणाली, आधी घरी जाऊन अज्जीला विचार.