पावडर कोटिंग समुद्राकाठी कुठे हरतं?

पावडर कोटिंग केलेली पोलादी ग्रिल धर्माबादला बसवली तर बरीच वर्षं तशीच राहते. तीच ग्रिल मालवणला बसवा, आधी कोपऱ्यांत आणि वेल्डिंगच्या जोडांवर तपकिरी ओघळ दिसू लागतात. पावडर तीच, पोलाद तेच. विचारलं तर उत्तर मिळतं, 'खारी हवा'. उत्तर बरोबर आहे, पण त्यावर पीएच.डी.चा सिनॉप्सिस लिहिता येणार नाही. म्हणून जरा खोलात जाऊ.

मीठ नेमकं काय करतं?

गंजायला लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी लागतं. मीठ हे पाणी हवेतून ओढून आणतं. शुद्ध सोडियम क्लोराईडला साधारण ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला पाणी सुटतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओल धरतं. पावसाळ्यात खडे मिठाच्या बरणीला लवकर पाणी सुटतं, त्यामागे हेही एक कारण आहे. म्हणजे कोरडी दिसणारी ग्रिल खाऱ्या पाण्याच्या पातळ थराखाली असू शकते. हे पाणी विजेचं चांगलं वाहक असतं आणि गंजणं ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे.

आयएसओ ९२२३ या मानकात हवेचे सी१ ते सी५ आणि त्यापुढे सीएक्स असे वर्ग आहेत. उघडं कार्बन स्टील सी३ हवेत पहिल्या वर्षी २५ ते ५० मायक्रॉन झिजतं, तर सी५ मध्ये ८० ते २००. पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा असतो, हे लक्षात ठेवा.

कोटिंग मधे नाही, कडेला हरतं

पावडर विजेच्या भाराने चिकटवतात आणि भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांना वितळवतात. वितळताना पृष्ठताणामुळे ती धारदार कडेवरून मागे सरकते आणि तिथे थर पातळ होतो. आतल्या कोपऱ्यात फॅराडे केज परिणामामुळे पावडर नीट पोचतच नाही. शिवाय वेल्डिंगचे शिंतोडे आणि बसवताना पाडलेली भोकं असतातच.

अशा जागी लोखंड विरघळतं, म्हणजे ॲनोड तयार होतो. शेजारी, थराखाली, ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो आणि हायड्रॉक्साईड बनतं. हा अल्कलीपणा कोटिंगची पकड सोडवतो, खारं पाणी पुढे सरकतं. म्हणून वरून गंजाचा ठिपका वाटाण्याएवढा दिसला, तरी नखाने उचकटल्यावर रुपयाएवढा पापुद्रा निघतो.

जोड किती महत्त्वाचे असतात, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. तो पावडर कोटिंगचा प्रश्न नव्हता. पण नट-बोल्ट गंजत असल्याचं पत्र सार्वजनिक बांधकाम विभागाने आधीच दिल्याचं समोर आलं, आणि चौकशीत गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणं पुढे आली.

मग करायचं काय?

क्रम महत्त्वाचा आहे. कापणं, वेल्डिंग, भोकं हे सगळं कोटिंगच्या आधी उरकायचं. कडा साधारण २ मिलिमीटर त्रिज्येत गोल करायच्या. सँडब्लास्टिंग करून पृष्ठभागावरचं मीठ धुऊन काढायचं. पावडरखाली जस्त द्यायचं, एकतर जस्तयुक्त प्रायमर किंवा हॉट डिप गॅल्व्हनायझिंग. ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं. मात्र गॅल्व्हनाइज्ड थरातून भट्टीत वायू सुटून कोटिंगला सुईएवढी छिद्रं पडतात, म्हणून माल आधी तापवून घ्यावा लागतो. बसवल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं, विशेषतः छज्जाखालचा भाग. पाऊस तिथलं मीठ धूत नाही.

संशोधनाची जागा कुठे आहे?

आपल्याकडे प्रबंधांत हमखास दिसणारी चाचणी म्हणजे सॉल्ट स्प्रे, एएसटीएम बी ११७. त्यात ५ टक्के मिठाच्या पाण्याचा ३५ अंशांना सतत फवारा असतो. वाळणं नाही, ऊन नाही. प्रत्यक्षात जस्तावर वाळताना संरक्षक कार्बोनेटचा थर बसतो, इथे त्याला संधीच मिळत नाही. त्यामुळे 'इतके तास म्हणजे इतकी वर्षं' असं गणित मांडू नका, व्हायवाला पहिला प्रश्न तिथेच येईल.

आयएसओ १२९४४-९ मधली चक्रीय चाचणी जास्त वास्तववादी आहे. सात दिवसांच्या चक्रात तीन दिवस अतिनील किरण आणि दव, तीन दिवस खारा फवारा आणि एक दिवस उणे २० अंश. आता सांगा, रत्नागिरीत उणे २० कधी होतं? कोकणात चार महिने पाऊस मीठ धुतो आणि बाकीचे महिने ते साचत जातं. त्याला जुळणारं चक्र कसं असावं, हा खरा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट. चाचणीआधी नमुन्याच्या कडा बहुधा टेप किंवा मेण लावून झाकतात आणि सपाट भागावर ओरखडा मारतात. सपाट भागाची तुलना करायला ते ठीक आहे. पण बिघाड सुरू होतो ती जागाच आपण झाकलेली असते. म्हणून सपाट पट्ट्यांसोबत धारदार कड, गोल केलेली कड, वेल्डचा जोड आणि भोक असलेले नमुनेही ठेवा. प्रत्येक ठिकाणी थराची जाडी मोजून वहीत लिहा. शक्य असेल तर काही नमुने खऱ्या किनाऱ्यावर, उघड्यावर आणि छज्जाखाली असे दोन्हीकडे टांगा आणि मगच प्रयोगशाळेतल्या आकड्यांशी ताडून पाहा.