भाताच्या वाणांविषयीचे काही गैरसमज

भाताच्या जुन्या वाणांचे जतन करणे म्हणजे बियाण्यांचे पुराणवस्तुसंग्रहालय थाटणे होय, ही समजूत सुशिक्षितांतही इतकी रूढ आहे की, दिसायला एकसारख्या अशा हजारो पाकिटांवर सार्वजनिक पैसा का खर्चावा, या प्रश्नाचे उत्तर पीकपैदासकाराला वारंवार द्यावे लागते. आणि ते द्यायला फिलिपाईन्समधील लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या दफ्तरातले एक प्रकरण पुरेसे आहे.

या संस्थेने १९६६ साली प्रसृत केलेल्या आयआर-८ या बुटक्या वाणाने आणि त्याच्या वंशजांनी आशियातील भाताचा फार मोठा मुलूख थोड्याच वर्षांत व्यापला. परंतु पुढे तपकिरी तुडतुड्यांमार्फत पसरणारा एक विषाणुरोग त्यावर बळावला. हा रोग जडला की रोप खुजे राहते, गवताच्या ठोंबासारखे फुटत जाते आणि त्यावर लोंबी जवळजवळ धरतच नाही. तेव्हा संग्रहातील सहा हजारांहून अधिक नमुने तपासण्यात आले, आणि प्रतिकारशक्ती आढळली ती उत्तर प्रदेशातून आणलेल्या ‘ओरायझा निव्हारा’ या रानटी भाताच्या एकाच नमुन्यात. त्यातही सगळ्या रोपांत नव्हे, मोजक्याच रोपांत. जपायचे तर चांगले बियाणे तेवढे निवडून जपावे, असे म्हणणाऱ्यांनी या गोष्टीचा शांतपणे विचार करावा, कारण चांगुलपणाच्या कोणत्याही प्रचलित कसोटीला तो नमुना उतरला नसता. असा रानटी भात आपल्याकडे देवभात या नावाने परिचित आहे. पाणथळीच्या कडेला तो आपोआप उगवतो, त्याच्या दाण्याला लांब कूस असते, आणि पिकता पिकताच दाणे झडून चिखलात पडतात. शेतकरी त्याला तण समजून उपटतो, आणि शेतापुरते त्याचे करणे रास्तच आहे.

अशा झाडाशी चांगल्या वाणाचा एकदा संकर केला की काम झाले, हाही भ्रमच. संकरात प्रतिकाराबरोबर दाणे झडण्याची खोडही उतरते. म्हणून प्रत्येक पिढीतून निरोगी रोपे वेचून त्यांचा संकर पुन्हा लागवडीच्या वाणाशी करीत करीत रानटी अंश झिजवावा लागतो. डॉ. गुरुदेव खुश यांच्या नेतृत्वाखाली हे चिकाटीचे काम तडीस गेले, आणि १९७६ साली निघालेला आयआर-३६ हा रोगप्रतिकारक वाण पुढे एक कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर पिकला. मात्र १९८०नंतर फिलिपाईन्समध्येच त्या विषाणूचा असा एक प्रकार उद्भवला की, त्याच्यापुढे ही प्रतिकारशक्ती चालेना. तेव्हा गरजेचा गुण एकदा सापडला म्हणून उरलेला संग्रह मोडीत काढावा, ही सूचना किती घातक आहे हे निराळे सांगायला नको.

बाजारात वाणांची नावे शेकडो, तेव्हा विविधता भरपूर असलीच पाहिजे, हे अनुमान मला सर्वांत फसवे वाटते. बहुसंख्य बुटक्या वाणांचे बुटकेपण एकाच जनुकाच्या दोषातून आलेले आहे, आणि त्यांतील पुष्कळांची वंशावळ त्या बाबतीत तैवानच्या ‘डी-जिओ-वू-जेन’ या एका वाणापाशी पोचते. संकरित भाताच्या फार मोठ्या भागाचे पेशीद्रव्य १९७० साली चीनच्या हैनान बेटावर सापडलेल्या एका वंध्य रानभाताच्या झाडाचे आहे. नावांची जंत्री कितीही लांबवली, तरी एखाद्या नव्या रोगाने नेमके हेच समान अंग गाठले तर ती नावे काय कामाची?

उलटपक्षी जुना वाण म्हणजे सर्वगुणसंपन्न, हेही खरे नव्हे. ओडिशाचा ‘एफआर-१३ए’ पाण्याखाली बुडून सुमारे दोन आठवडे तग धरतो, पण त्याचे उत्पन्न बेताचे. त्याचा हा एक गुण ‘स्वर्णा’ या लोकप्रिय वाणात उतरवून केलेला ‘स्वर्णा सब-१’ भारतात २००९ साली प्रसृत झाला. जुन्या वाणाचे मोल बहुधा अशा एखाद्याच गुणात असते.

बीजपेढीत ठेवलेले बी अमर झाले, असेही कोणी समजू नये. सुकवून उणे २० अंशांत ठेवलेल्या बियांची उगवण ठरावीक वर्षांनी तपासावी लागते, आणि ती घसरली की नमुना शेतात पुन्हा पिकवावा लागतो; तो मूठभर रोपांवर पिकवला, तर ज्या दुर्मीळ गुणासाठी तो सांभाळला तोच गळून जाण्याचा संभव असतो. शिवाय शीतगृहातील बी कशाशीच झुंजत नाही. कोकणातल्या खार जमिनीत तांबड्या दाण्याचा राता लावणाऱ्याच्या शेतात मात्र ती झुंज चालूच असते: बांध फुटून खाडीचे पाणी शिरले की जी रोपे वाचतात, त्यांचेच बी पुढच्या पावसाळ्याला उरते. राताला गिऱ्हाईक नाही म्हणून त्याने दुसरा वाण लावला, तर तो दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ यात अशा जतनकर्त्या शेतकऱ्यांना जनुक निधीतून पारितोषिक देण्याची तरतूद आहे. परंतु पारितोषिक थोड्यांनाच मिळायचे, आणि राता तर दर हंगामाला लावावा लागतो, तेव्हा तो लावण्याचा मोबदला बीजपेढीच्या विजेच्या बिलाप्रमाणेच जतनाच्या वार्षिक खर्चात धरण्याची तजवीज झाली पाहिजे.