प्राणिशास्त्राची वाट आणि आपले घर

गेल्या चातुर्मासाच्या सुरुवातीस एका संध्याकाळी बोईसरला थोरल्या बंधूंच्या घरी गेलो होतो. सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपली होती, पण घरात नेहमीचा मोकळेपणा नव्हता. त्यांची नात बारावी विज्ञान उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली होती आणि प्राणिशास्त्रात पदवी घेऊन पुढे तुलनात्मक प्राणी-शरीरक्रियाशास्त्र शिकण्याचा तिचा निश्चय होता. वहिनींनी एवढेच विचारले, "ज्या घरात पाणी गाळून पितात, त्या घरातली मुलगी बेडूक कापणार?" मग बंधू माझ्याकडे वळून म्हणाले, "तू बँकेत आयुष्य काढलेस. हिशेब तूच मांड."

हिशेब मांडणे मला सोपे नव्हते, कारण या खात्यात माझीही एक जुनी बाकी आहे. १९७६ साली मी अकरावी विज्ञानाला होतो. प्रयोगशाळेत मेणाच्या तबकात उताणा टाचलेला बेडूक समोर आला. त्याचे हृदय अद्याप हलत होते. मी तास सोडून बाहेर पडलो आणि पुढच्या वर्षी वाणिज्य शाखेत नाव घातले. एम.कॉम. झालो, बँकेत अधिकारी झालो, त्याचा पश्चात्ताप नाही. परंतु प्राण्याचे शरीर चालते कसे, हे जाणण्याची ओढ त्या तबकापाशीच राहिली.

आज परिस्थिती पालटली आहे आणि आपल्या समाजातील पालकांना ती ठाऊक असणे आवश्यक आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० यातच म्हटले आहे की, पुस्तके, प्रतिकृती, चित्रफिती यांनी शिकवणे साधत असेल, तर महाविद्यालयांनी प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत. अनेक वर्षे हे कलम कागदावरच राहिले. २०११ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्रातील विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि २०१४ साली पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांतून ते पूर्णपणे थांबवण्याचे निर्देश दिले. त्याच वर्षी आपला पालघर जिल्हाही अस्तित्वात आला. म्हणजे वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर होते, "नाही, तिला बेडूक कापावा लागणार नाही."

पण मग हे शास्त्र शिकवते तरी काय? नातीने मला ते माझ्याच भाषेत समजावले. "आजोबा, प्रत्येक प्राण्याचा जमाखर्च वेगळा असतो. तो ताडून पाहायचा." उदाहरणार्थ, शरीरातील नत्रयुक्त कचरा बाहेर टाकण्याचा खर्च. बहुतेक मासे तो अमोनियाच्या रूपाने सोडतात. ते विषारी असते, पण भोवती पाणी मुबलक असते. सस्तन प्राणी त्याचा युरिया करतात. पक्षी मात्र जवळजवळ घट्ट असे यूरिक आम्ल करतात, म्हणजे पाण्याची बचत होते. हवे तितके पाणी असलेला उधळतो, टंचाईतला जपून वापरतो. व्यापाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्यातील अनेक कुटुंबांचे मूळ मारवाडात आहे. तेथील उंटाच्या मदारीत पाणी साठते, असा समज घरोघरी आहे. प्रत्यक्षात तेथे चरबी असते. क्नूट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात सहारामध्ये उंटांचा अभ्यास केला. तहानलेल्या उंटाचे तापमान पहाटे सुमारे ३४ अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी ४० अंशांवर चढते, असे त्यांना आढळले. शरीर तापू दिल्याने घाम गाळून थंड राहण्याचा खर्च वाचतो.

दूर कशाला, सातपाटीच्या खाडीत ओहोटीला चिखलावर उड्या मारणारी निवटी पाहावी. मासाच तो, पण ओलसर त्वचेतून आणि तोंडाच्या आतील अस्तरातून हवेतला प्राणवायू घेतो. शेजारच्या खेकड्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचे काम लोहाऐवजी तांबे करते, म्हणून ते निळसर दिसते. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत जीवांची प्रतवारी आपण लहानपणी पाठशाळेत पाठ केली. ती प्रतवारी इंद्रियांची आहे आणि हे शास्त्र शरीराच्या कार्याचे. दोन्ही एक नव्हेत. परंतु जीवांकडे बारकाईने पाहण्याची सवय दोन्हींकडे आहे.

येथवर सर्वांचे समाधान झाले होते. मग नातीने असा विषय काढला की आम्ही दोघे बंधू गप्प झालो. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून समुद्राचे पाणी यंत्रे थंड करण्यासाठी घेते व कोमट करून परत सोडते. पाणी तापले की माशाच्या शरीराचे व्यवहार वेगाने चालतात. तापमान दहा अंशांनी वाढले तर प्राणवायूची गरज साधारण दुप्पट ते तिप्पट होते. उलट, कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. गरज वाढते आणि पुरवठा घटतो. म्हणून असे पाणी किती कोमट असावे, हे ठरवायला हेच शास्त्र लागते.

आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील रंग-रसायनांच्या सांडपाण्याचे काय? पर्यावरणाच्या नियमांत त्याची एक कसोटी आहे. त्या पाण्यात मासे ठेवतात आणि ९६ तासांनंतर त्यांपैकी किमान ९० टक्के जिवंत असावे लागतात. "म्हणजे यातही जीव पणाला लागतोच," वहिनी म्हणाल्या. नातीने ते नाकारले नाही. पुढे संशोधनात, औषधनिर्मितीत प्राण्यांवर प्रयोग होतात, नीतिविषयक समितीच्या परवानगीने होतात, तेथे नाही म्हणायचे की काय करायचे, हे तिलाच ठरवावे लागेल. पण तिचा प्रश्न आम्हाला होता: "घरातले पाणी आपण गाळतो. कारखान्यातले कोण गाळते?" बंधूंचे भांडवल अशाच एका कारखान्यात गुंतलेले आहे. त्यांनी उत्तर दिले नाही. मात्र दुसऱ्याच दिवशी भागीदाराकडून सांडपाण्याचे अहवाल मागवून घेतले.

पालकांना माझी विनंती आहे. मुलगा वा मुलगी हा विषय मागत असेल, तर नकार देण्यापूर्वी महाविद्यालयात स्वतः जावे, प्रयोगवर्गात काय करून घेतात ते विचारावे आणि प्रतिकृती, संगणकावरील प्रयोग यांची सोय आपल्या डोळ्यांनी पाहावी. सांडपाण्याची तपासणी, खाडी व किनाऱ्याचा अभ्यास, अध्यापन, पशुआरोग्य अशा वाटा येथून निघतात. जीवदयेचे संस्कार घेतलेली मुले या वाटांवर नसतील, तर तेथले निर्णय त्यांच्याविना होतील.

नात आता रोज डहाणू लोकलने बोईसरहून पालघरला जाते. मागच्या रविवारी तिने मला खाडीवर नेले. ओहोटी होती. निवट्या चिखलावर उड्या मारत होत्या, आणि पन्नास वर्षांपूर्वी अर्धवट सोडलेला तास मी तेथे उभ्याने पुरा केला.